कडं कुणी फिरवलं?

मंगळवारी सकाळी चारुता तांडेलने पाण्याच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहिला, पेन खाली ठेवलं आणि पुन्हा मीटरकडे पाहिलं. आकडा तोच होता. अडुसष्ट. काल अडुसष्ट, परवाही जवळपास तेवढाच. खरं तर तो शंभर असायला हवा होता.

आणि पंप तर मस्त चालू होता! पायाखालच्या लोखंडी जमिनीतून त्याची घरघर तळव्यांना जाणवत होती. मोटर नेहमीइतकीच वीज खात होती, उलट जरा जास्तच.

"पंप पूर्ण जोरात फिरतोय, मग पाणी कमी कसं?" चारूने विचारलं.

"पंप ठीक आहे," कुर्ली म्हणाली. "पाणी कमी आहे. दोन्ही खरं आहे."

कुर्ली म्हणजे पाणबेटावरचा दुरुस्ती करणारा रोबो. सहा पाय, दोन चिमटे आणि चालणं कायम तिरकं, म्हणून मालवणच्या लोकांनी तिचं नाव कुर्ली ठेवलं होतं. मालवणीत कुर्ली म्हणजे खेकडा.

"दोन्ही खरं कसं असेल?"

"मलाही कळत नाही," कुर्ली म्हणाली. तिचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. गोंधळली की तो तसा लुकलुकायचा. चार दिवसांत तो फारच लुकलुकला होता.

पाणबेट हे मालवणच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर आत, समुद्रावर तरंगणारं गाव. तीनशे दहा माणसं, एक शाळा, मासे साठवायचं बर्फघर आणि एक कार्यशाळा. चहूकडे पाणीच पाणी, पण खारं. प्यायचं पाणी गाव स्वतः बनवायचं. पद्धत सोपी होती. गार पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसंच. समुद्राच्या वरच्या कोमट पाण्याची, हवा काढून घेतलेल्या टाकीत, वाफ करायची आणि ती वाफ गार नळ्यांवरून सोडायची. नळ्यांवर गोड्या पाण्याचे थेंब जमतात. नळ्या गार ठेवायला पाचशे मीटर खोलीवरचं पाणी लागतं. तिथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे ते पाणी जेमतेम अकरा अंश असतं. ते गार पाणी नळ्यांमधून खेळवत ठेवणं एवढंच या पंपाचं काम.

गार पाणी कमी आलं की थेंब कमी जमणार, आणि गावाच्या टाकीत उद्या संध्याकाळपर्यंतचंच पाणी उरलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. सरपंच अनंतकाका मयेकर खाली उतरत होते आणि त्यांच्यामागे चारूची आत्या. हेमांगी आत्या पाणबेटाची पंप-मेकॅनिक होती. गेल्या गुरुवारी तिने पंपाची देखभाल केली, आणि त्याच दिवसापासून पाणी कमी झालं. गावात कुणी तिला तोंडावर काही बोललं नव्हतं, पण पाण्याच्या रांगेत ती आली की बायका बोलायच्या थांबायच्या. चारूला ते दिसत होतं.

"काय गो हेमा, पंप चलता मा?" अनंतकाकांनी कान देऊन घरघर ऐकली. "मगे पाणी खंय जाता?"

"शोधतेय, काका."

"चार दिवस शोधतंस. माका कायएक कळणा नाय बघ." काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांना रागवायचं होतं, पण नेमकं कुणावर ते त्यांनाही समजत नव्हतं. शेवटी ते हळूच म्हणाले, "चार वाजता बोट येतली. पोरांक आधी धाडूया. मोठ्यांचा मागसून बघू."

ते वर गेले. चारूने आत्याकडे पाहिलं. आज चार वाजता! म्हणजे शाळा बंद, मैत्रिणी पांगणार आणि ती स्वतः सावंतवाडीला मामाकडे. पुन्हा परत यायला मिळेल की नाही, कुणी सांगावं?

"आत्या, पुन्हा उघडूया का?"

"दोनदा उघडला गं," आत्या थकून म्हणाली. "दोनदा कार्यशाळेत नेऊन हौदावर चालवला. दोन्ही वेळा मीटर शंभर! इथे आणून बसवला की पहिली पंधरा मिनिटं शंभर. मग घसरतो आणि अडुसष्टवर थांबतो. वर बरोबर, खाली चूक. पंप एकच, माणूस एकच. मला तर आता माझ्याच हातांचा भरवसा वाटेना."

आत्या असं कधी बोलायची नाही. 

"तिसऱ्यांदा उघडू," ती म्हणाली. "या वेळी मी पण बघते."

मोटर बंद झाली. कुर्लीने झडपा बंद केल्या, आतलं पाणी काढलं आणि चिमट्यांनी एकेक करून बोल्ट सोडवले; त्यात पाऊण तास गेला. पंपाचं झाकण बाजूला झालं आणि आतलं पात्यांचं चाक दिसलं.

"हा इम्पेलर (पाणी मध्यातून घेऊन कडेला भिरकावणारं चाक)," आत्या सांगू लागली. बोलता बोलता तिचा आवाज जरा सावरला. "ओली छत्री गरकन फिरवली की थेंब कसे बाहेर उडतात, तसं हे पाण्याला बाहेर फेकतं. म्हणून या पंपाला अपकेंद्री पंप (मध्यापासून दूर फेकणारा पंप) म्हणतात. मधल्या तोंडातून पाणी आत येतं आणि कडेने जोरात बाहेर जातं."

"आणि हे काय?" इम्पेलरच्या तोंडाभोवती, पंपाच्या लोखंडी घरात, ताटलीएवढं पांढरं कडं बसवलेलं होतं.

"ते झीज-कडं (स्वतः झिजून पंपाच्या घराला वाचवणारं कडं). कडेला गेलेलं पाणी दाबाखाली असतं, त्याला कुठूनही निसटून परत मध्याकडे यायचं असतं. इम्पेलर आणि घर यांच्यात फट ठेवावीच लागते, नाहीतर चाक घासेल. ती फट अगदी बारीक राहावी म्हणून हे कडं. इम्पेलर फिरतो, कडं जागेवर बसून राहतं. जुनं कडं काशाचं होतं, ते झिजलं. नवं यायला महिना लागणार, म्हणून मी कार्यशाळेतल्या, थरावर थर रचून वस्तू छापणाऱ्या यंत्रावर कडक प्लास्टिकचं छापून घेतलं. हातोड्याने ठोकून बसवावं लागलं, इतकं घट्ट."

चारू वाकून बघत होती. कड्याच्या मागे, जिथे ते लोखंडी घराला टेकतं, तिथे एक बारीक चकाकती रेघ होती.

"हे इथे चमकतंय कशामुळे?"

"घासल्यामुळे," कुर्ली म्हणाली.

"पण तिथे घासणार काय? कडं तर जागेवर असतं ना?"

कुर्लीचा दिवा लुकलुकू लागला. "माझ्या यादीत एकवीस फिरणारे भाग आहेत. ते सगळे मी दर तासाला तपासते. कडं स्थिर भागांच्या यादीत आहे. स्थिर भाग फिरत नाही. म्हणून त्याला स्थिर म्हणतात. म्हणून मी तो तपासत नाही."

आत्याने कड्याला बोटाने ढकलून पाहिलं, पण पाय टेकून जोर लावायला तिथे जागा नव्हती. "फिरत नसणारच," ती म्हणाली, पण तिचा आवाज खात्रीचा नव्हता.

चारू धावत घरी गेली आणि आईची लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. तिने एकच आडवी रेघ ओढली, अर्धी कड्यावर आणि अर्धी लोखंडावर. ती वाळल्यावर झाकण लावून पंप सुरू केला. मीटर शंभरवर गेला. पंधरा मिनिटांनी सुई थरथरली आणि उतरू लागली. अडुसष्ट. मग पंप थांबवला आणि बोल्ट आता मोकळे झाले असल्यामुळे लगेच उघडला.

लोखंडावरची अर्धी रेघ वर, होती तिथेच होती. कड्यावरची अर्धी रेघ खाली डावीकडे गेली होती.

 चारूला एकदम आनंद झाला, आणि लगेच ती आणखीच गोंधळली. कडं फिरलं हे खरं, पण फिरवलं कुणी? त्याला ना मोटर जोडलेली, ना दांडा. आणि हातोड्याने ठोकून बसवलेलं कडं फिरेलच कसं?

तिने नुसता हात लावला तर ते कडं सुटून तिच्या ओंजळीत पडलं.

"अगं, हे तर सैल आहे!"

"शक्यच नाही," आत्या म्हणाली. "गुरुवारी माझे दंड दुखले होते."

कुर्लीने कड्याचं माप घेतलं आणि पंपाचं घर जमिनीवरून सोडवलं. ते आणि कडं घेऊन तिघी वर कार्यशाळेत गेल्या. वाटेत काम करणाऱ्या दोघांनी आत्याला थांबवून बोटीबद्दल विचारलं. कार्यशाळेत पोहोचेपर्यंत अर्धा तास गेला. चारूने कडं दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवलं होतं. आत्याने ते पंपाच्या घरात बसवायला घेतलं, दाबलं, आणखी दाबलं. ते बसेना.

"मगाशी गळून पडलं आणि आता जात नाही?" आत्या मटकन स्टुलावर बसली. "चारू, मला वेड लागायची पाळी आली."

कुर्लीने मापं घेतली. "कडं त्याच्या जागेपेक्षा तीन केसांच्या जाडीइतकं मोठं आहे. घट्ट बसायला हवं. पण खाली मी त्याचं माप घेतलं तेव्हा ते दोन केसांइतकं लहान होतं. दोन्ही मापं बरोबर आहेत." दिवा आता सारखाच लुकलुकत होता. "मला ही गोष्ट आवडत नाही."

चारूने कडं परत हातात घेतलं आणि उलटंपालटं करून पाहिलं. तेच कडं, तीच नेलपॉलिशची रेघ. तरी काहीतरी वेगळं वाटत होतं. तिला आठवलं, खाली ते ओंजळीत पडलं तेव्हा तिचे हात दचकले होते. गार होतं ते! आणि आता अंगाच्या उबेने कोमट झालं होतं.

"आत्या, हौदातलं पाणी किती अंश असतं?"

"वरचं पाणी. तीस असेल."

"आणि खाली अकरा!" चारू ओरडलीच. "ते गारठून लहान होत असेल का?"

आत्या उठली आणि तिने बर्फघरातून मूठभर बर्फ आणून बादलीत टाकला. कडं पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवलं आणि मग घराच्या तोंडाशी धरलं. ते आपोआप सरकून जागेवर बसलं. हाताने फिरवलं तर गरगर फिरलं.

"आकुंचन (गार झाल्यावर वस्तूचं लहान होणं)," आत्या हळूच म्हणाली. "लोखंडही आकसतं, पण अगदी थोडं. प्लास्टिक त्याच्या सात-आठ पट आकसतं. काशाचं कडं असतं तर एवढा फरक पडला नसता. म्हणून पहिली पंधरा मिनिटं सगळं ठीक! कडं गार होईपर्यंत घट्ट, गार झालं की सैल. सैल झालं की तिरकं होतं, फट मोठी होते आणि पुढे फेकलेलं पाणी त्या फटीतून परत मागे येतं. पंप तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा फेकत बसतो. काका विचारत होते ना, पाणी खंय जाता? ते पंपातल्या पंपातच फिरत होतं."

"पण सैल झालं म्हणून ते फिरेल का? नुसतं खुळखुळेल ना?"

आत्याने बर्फाची बादली पुढे ओढली आणि डब्याचं एक झाकण पाण्यावर तरंगत ठेवलं. "झाकणाला हात लावू नकोस. खालून पाणी ढवळ."

चारूने ढवळलं. क्षणभर झाकण तसंच राहिलं आणि मग हळूहळू, मग चांगलंच फिरू लागलं.

"कुणी फिरवलं?"

"पाण्याने," चारू म्हणाली.

"बरोबर. पाण्याचा एक थर दुसऱ्याला चिकटून ओढतो, शेवटचा थर झाकणाला ओढतो. याला श्यानता (द्रवाच्या थरांचा एकमेकांना ओढण्याचा गुण) म्हणतात. इम्पेलर पाण्याला फिरवतो, आणि फिरणारं पाणी समोर येईल त्या प्रत्येक गोष्टीला फिरवू बघतं. कड्याला, घराला, सगळ्याला. पंपाचं घर फिरत नाही, कारण ते जमिनीला बोल्टने आवळलेलं असतं. कड्याला कुणी धरलेलंच नव्हतं. आता झाकण बोटाने थांबव बघू. आधी बरोबर मध्यावर बोट ठेव."

चारूने मध्यावर बोट टेकवलं. झाकण बोटाखाली फिरतच राहिलं.

"आता कडेला."

कडेला नुसती करंगळी लावली आणि झाकण थांबलं.

"मध्यापासून जितकं लांब धरू तितका कमी जोर पुरतो," आत्या म्हणाली. "म्हणूनच कड्याच्या काठावर खुंट्या बसवतात. अर्धं भोक घरात, अर्धं कड्यात, आणि दोघांच्या मध्ये पोलादाची खुंटी. फिरायचं झालं तर कड्याला आधी ती खुंटी कापावी लागेल. जुन्या कड्याला तशा तीन खुंट्या होत्या."

"मग नव्याला का नाहीत?"

 आत्याने पंपाच्या घरातली कड्याची जागा फडक्याने पुसली. ग्रीसने बुजलेली तीन अर्धी भोकं उघडी पडली.

"मला वाटलं, इतकं घट्ट बसलंय तर खुंट्या कशाला? भोकांची मापं काढून छापायला तासभर जास्त लागला असता. घाई केली."

कुर्ली तिरकी पुढे आली. "कडं फिरलं. मग माझी यादी चुकली, की कडं चुकलं?"

"दोन्ही नाही," आत्या म्हणाली. "मी चुकले."

पुढचे तीन तास धावपळीचे होते. नवं कडं छापलं, या वेळी थोडं मोठं, म्हणजे अकरा अंशालाही ते घट्ट राहील, आणि काठावर तीन अर्धी भोकं ठेवून. एवढं मोठं कडं ठोकून बसवायला गेलं तर तडकलं असतं, म्हणून त्याला मीठ घातलेल्या बर्फात ठेवून आकसवलं. ज्या आकुंचनाने घात केला होता, तेच आता कामाला आलं. कडं अलगद जागेवर बसलं. चारूने तीन खुंट्या तीन भोकांत सरकवल्या. 

अडीच वाजता पंप सुरू झाला. खाली अनंतकाका आले होते आणि त्यांच्यामागे जिन्यावर निम्मं गाव. आत्याने सगळ्यांकडे तोंड केलं. "गेल्या गुरुवारी खुंट्या न लावता कडं बसवलं ते मी. पाणी कमी झालं ते त्यामुळे. पंपाचा दोष नाही, कुर्लीचाही नाही."

जिन्यावर कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "आमची पोरं निघाली होती!" आत्याने मान खाली घातली नाही, पण तिचे डोळे भरून आले. चारू तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मीटर शंभरवर होता. पण तो तर आधीही असायचा. पाच मिनिटं. दहा. पाइपावर बाहेरून थेंब जमायला लागले. पंधरा मिनिटं झाली आणि सुई थरथरली.  सुई नव्व्याण्णववर आली आणि पुन्हा शंभरवर जाऊन थांबली. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. सुई हलली नाही.

"म्हणजे आता ता फिरणा नाय?" अनंतकाकांनी विचारलं.

"इम्पेलर फिरतो, काका. कडं फिरत नाही," चारू म्हणाली.

"कोण फिरता, कोण फिरणा नाय, माका अजूनय नीट कळाक नाय." काकांनी टोपी घातली. "पण पाणी येता ना? बास. वर येऊन माका परत एकदा सांग. आणि हेमा, तू पण ये. सकाळपासून जेवूक नाय तू."

चार वाजता बोट आली. पोरं गाठोडी घेऊन धक्क्यावर उभी होती, ती तशीच परत घराकडे पळाली.

आत्याने जेवायच्या आधी चारूला बिनतारी यंत्राजवळ बसवलं. पाणबेटासारखी आणखी दोन तरंगती गावं दक्षिणेला होती आणि तीही सुटे भाग छापून वापरत. "त्यांना कळव. सगळं लिही. कुणाची चूक झाली तेही."

"तेही?"

"तेच आधी लिही. नाहीतर त्यांना वाटेल, असं आपल्याकडे होणारच नाही."

चारूने लिहिलं. दोनदा खोडलं, कारण जे डोळ्यांनी पाहिलं ते न पाहिलेल्याला सांगणं तिला वाटलं त्यापेक्षा अवघड होतं. कड्यावरच्या रेघेपासून सुरुवात केल्यावर मात्र जमलं. साडेपाचच्या सुमाराला पहिल्या गावाचं उत्तर आलं, त्यांच्या कड्याला खुंट्या होत्या. दुसऱ्याचं उत्तर यायला सात वाजले, तेव्हा दोघी जेवायला बसल्या होत्या. कुर्लीने ते वाचून दाखवलं.

"आमचं पाणी दहा दिवस कमी येत होतं. कारण सापडत नव्हतं. उद्या मोटर बदलणार होतो. तुमचा निरोप वाचून पंप उघडला. कडं फिरलेलं आहे. आमच्या पंपाच्या घरात भोकंच नाहीत, नवीन पाडावी लागतील. आमचा पंप तुमच्यापेक्षा मोठा आहे. खुंट्या किती जाड घ्यायच्या? लवकर कळवा."

चारूने आत्याकडे पाहिलं. "किती जाड घ्यायच्या?"

"मला तोंडपाठ नाही," आत्या म्हणाली. "पण काढता येतं. पाणी कड्याला किती जोराने ओढतं ते आधी शोधायचं."

"ते कसं शोधायचं?"

आत्याने भाताचं ताट बाजूला सरकवलं आणि चारूला शेजारी जागा करून दिली. चारूने वहीचं कोरं पान उघडलं.